चोवीस वर्षं बिनविरोध

“लोर्ना, ‘पुढे’ दाब. वाचत बसू नकोस.”

“काउन्सिलरने वागावं कसं ते शिकवतायत. वाचू नको?”

मर्व्ह ट्रेगिल्गसने कपाळावर हात मारला. साडेअकरा वाजले होते. बारा वाजता उमेदवारीचे अर्ज बंद, काउन्सिलचं कार्यालय तीस किलोमीटरवर, आणि ऑनलाइन तासाभराचा धडा पुरा केल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय अर्जच घेत नव्हते. लोर्नाच्या घरचं इंटरनेट सकाळपासून तीनदा बंद पडलं होतं.

गव्हाच्या या मुलखात काउन्सिलसाठी दुसरं कुणी उभंच राहत नसे. सहा निवडणुका मर्व्ह बिनविरोध आला. रस्ते केले, गावचा पोहण्याचा तलाव बंद होऊ दिला नाही. पण मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढे कुणी कधी पहिल्या पसंतीचा एकचा आकडा लिहिला नव्हता. नाताळात पबमध्ये एकजण म्हणाला होता, “तुला निवडलंय कोणी? तू उरलायस.” ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. म्हणून त्याने शेजारीण लोर्ना हेझेल्डीनला आपल्याच विरोधात उभं राहायची गळ घातली. पडलो तरी हरकत नाही, लोकांनी पाडावं.

“आणि चुकून मी आले तर?”

“तर तुझ्या मेंढ्या मी सांभाळीन. दाब बाई एकदाचं.”

बाराला चार मिनिटं असताना दोघं धापा टाकत खिडकीशी पोचली. निवडणूक अधिकारी केरिनने लोर्नाचा अर्ज तपासून शिक्का मारला.

“मर्व्ह, तुमचं प्रमाणपत्र?”

मर्व्हने घडी केलेला कागद ऐटीत पुढे सरकवला.

“हे मागच्या निवडणुकीचं. आता दर वेळी नव्याने करावं लागतं. पत्र पाठवलं होतं मी.”

“अगं, मी चोवीस वर्षं काउन्सिलर आहे. मला काय शिकवणार?”

“या नियमाला पाठिंबा द्यायचा ठराव तुमच्याच बैठकीत झाला. तुम्हीही हात वर केला होता.”

केला होता. न वाचता. मर्व्हला स्वतःचाच संताप आला.

बारा वाजले. केरिनने खालमानेने एकच नाव यादीत लिहिलं.

“म्हणजे मी?” लोर्ना भडकली. “बिनविरोध? मला कशाला ही पीडा!”

परतीला गाडीत बसल्यावरही ती धुमसत होती. “मूर्खा, मी तर तुलाच मत देणार होते.”

मर्व्हने किल्ली फिरवली. “मेंढ्यांना चारा कधी घालतेस?” त्याने विचारलं.