मधला ट्रॅक रिकामा

डावा

"अगं, कॉपी मार ना सरळ," केयूर म्हणाला. "एक डावीकडे, एक उजवीकडे. किस्सा खतम."

अंबिकाने कॉपी मारली. लॅपटॉपच्या पडद्यावर गिटारची एक रेघ होती, तिच्याखाली तशीच दुसरी आली. पहिली तिने डाव्या कानात सोडली, दुसरी उजव्या. हेडफोन लावला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. आवाज कुठल्याच कानात नव्हता. डोक्याच्या मधोमध येऊन बसला होता. पहिल्यासारखाच, फक्त जरा मोठा.

"अहो, असं का होतं? दोन आहेत, आणि एकच ऐकू येतंय."

केयूरने, तिच्या नवऱ्याने, डाव्या हाताने हेडफोन ओढून घेतला. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवल्यासारखा. गेल्या वर्षी बँकेतून घरी येताना ब्रह्मा घाटाच्या गल्लीत त्याला लकवा मारला. पाय सावरला, हात नाही. ही डावी रेघ लकव्याच्या थोडी आधी वाजवलेली. चाल केयूरचीच. दोन्ही बाजूंना साथीच्या गिटारी, मध्ये मुख्य सूर. तिन्ही तोच वाजवणार होता. एक झाली.

आज दुपारी नदीपलीकडच्या रामनगरहून सुश्रुत गिटार न्यायला येणार होता. तिथल्या शाळेत संगीत शिकवतो. केयूरनेच फोन करून गिटार त्याला देऊन टाकली होती. "पडून सडतेय," म्हणाला होता. ती जाण्याआधी निदान साथ पुरी व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. मधल्या ट्रॅकचं तो नावही काढत नव्हता.

डाव्याची प्रत

अंबिकाने प्रत जराशी मागे सरकवली. आवाज घुमला, जणू गिटार विहिरीत पडली.

आणखी सरकवली. विहिरीत दोन गिटारी भांडू लागल्या.

"गंमतच आहे." रेल्वेच्या खिडकीवर तिकिटं देताना तिला असले प्रश्न पडत नसत.

दारात अण्णा उभे होते, तिचे सासरे. वेद शिकायला येणाऱ्या मुलांना नुकतंच घरी सोडलं होतं. "मला दे बघू ते कानातलं."

डोळे मिटून ऐकलं. "हा एकच मुलगा आहे."

"म्हणजे?"

"दोन पोरं एकत्र म्हणतात ना, तर न बघता कळतं मला, दोन आहेत. एकाचा दम आधी संपतो, दुसरा टोकाला घाई करतो. त्यावरून तर मी ओरडतो!" त्यांनी हेडफोन काढून टोपी सारखी केली. "तुम्हाला तेच हवंय वाटतं. अजबच."

अंबिका पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे पुन्हा वाजवावं लागणार."

"वाजवतो की," केयूर म्हणाला. "उजवा हात तेवढा कुणाचा तरी उसना आणा."

ती उठली. त्याच्या उजव्या बाजूला येऊन टेकली. "हा घ्या."

उजवा

खिडकीला रजई लावली, नदीतल्या नावांच्या इंजिनांचा आवाज नको म्हणून. गिटार त्याच्या मांडीवर. तारा दाबणारी बोटं त्याची, छेडणारी तिची. डावा ट्रॅक ऐकायला हेडफोनची एकेक बाजू एकेकाच्या कानाला.

"गळ्यात काय पडतेस, अण्णा बसलेत."

"मी भिंतीकडे बघतोय," अण्णा म्हणाले.

"अंगठा आधी, मग बाकीची. अगं, हळू! तिकीट फाडतेयस का?"

"तुमची बोटं सरकतात, ते नाही दिसत."

सरकत होती. वर्षभरात बोटांची कातडी मऊ झाली होती, तार रुतत होती. प्रत्येक वळणाआधी तो तिच्यासाठी हळूच म्हणायचा, "हं." कितीदा तरी मोडलं. एकदा शेवटपर्यंत गेलं.

तिने ती रेघ उजव्या कानात सोडली. खोलीच्या भिंती मागे सरकल्या. डावीकडे केयूर, स्वच्छ, टोकाला किंचित घाई करणारा. उजवीकडे कुणीतरी अडखळत, केसभर उशिरा, आणि मध्ये मध्ये तो आवाज.

"ते 'हं' काढते."

"थांब."

त्याने डाव्या हाताने माउस घेतला. डावा ट्रॅक बंद केला. उरलेला एकटा उजवा शेवटपर्यंत ऐकला. मग पुन्हा लावला.

मधला

"केयूरभैया!" खालून सुश्रुतची हाक आली. "चला, नाव थांबवून आलोय!"

अंबिका गिटारची खोळ घ्यायला उठली.

"अण्णा, त्याला वर बोलवा. चहा पाजा," केयूर म्हणाला. "म्हणावं, नाव जाऊ दे. आज नाही जमणार. मधला रिकामा आहे अजून."

"मुख्य सूर?" अंबिकाने खोळ तशीच धरली. "तो अवघड आहे, तुम्हीच म्हणायचात."

"सोपा कुठे म्हणतोय? अंगठा दाखव बघू."

अंगठ्याला फोड आला होता. तिने त्यावर फुंकर घातली, खोळ खुंटीला अडकवली, जिन्याचं दार लोटलं. परत वळली तेव्हा त्याची चारही बोटं तारांवर दाबून ठेवलेली होती. आवाज नव्हता. तो तिच्या हाताची वाट बघत होता.