जुन्या खुणेवरचे एकाहत्तर

मित्रांनो, चाचणीघराच्या तिसऱ्या खणात, तेलकट फडक्याच्या घडीत हाताला थंडगार लागतो ना, तो मी. मी एक जुना व्हर्निअर आहे, केसभर लांबीही मोजणारा. दोन जबडे, एक सरकता भाग आणि अंगावर केसाएवढ्या रेघा, एवढाच माझा संसार. मला घडवणाऱ्या कारागिराने इतकं घासलं होतं, की जबडे मिटले तर मधून उजेडसुद्धा जात नसे.

पहिली वीस वर्षं माझा काय थाट होता! मी सांगेन ते प्रमाण. मग एकदा फरशीवर पडलो आणि मिटल्यावरही शून्याच्या एक रेघ पुढे दाखवू लागलो. तेवढी वजा केली की झालं. पण तोवर चमकते आकडे दाखवणारा नवा पाहुणा आला होता. मला खणात ढकललं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मला बाहेर काढलं ते सूनबाईंनी. धातू ओढून तो किती लांबतो, कुठे तुटतो, हे त्या बघतात. त्यांचे सासरे शेजारच्या भट्टीवर. सगळे त्यांना भट्टीमामा म्हणतात. स्टीलच्या पट्ट्या तापवून मऊ करणं हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. त्या पट्ट्या ओढून दवाखान्यातल्या खाटांचे कठडे होतात.

त्या सकाळी पुन्हा अकरा पट्ट्या तुटल्या. ओढकामाचे साहेब तावातावाने आत आले.

"तुमच्या अहवालात लिहिलंय, पट्टी बेचाळीस टक्के लांबते. मी दोनदा ओढतो, वीस आणि वीस. चाळीसच झाले ना? तरी तुटते! मामांना आता भट्टीचा रंग दिसत नाही. संध्याकाळी मालकांना सांगून त्यांना घरी बसवतो."

भट्टीमामा दारातच उभे होते. हातमोजे या हातातून त्या हातात करत राहिले.

"पट्टी चांगली आहे, साहेब," सूनबाई म्हणाल्या.

"तुम्ही तसंच म्हणणार. सासरे ना तुमचे!"

"बरं. मी हातच लावत नाही. ओढा तुम्ही, मोजा तुम्ही. आणि मोजायला हा म्हातारा घ्या. हा काही आमच्या नात्यातला नाही."

साहेबांनी पट्टीवर पन्नास मिलिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि त्या साठावर जाईपर्यंत पट्टी ओढली. मग सवयीने तेल पुसायला फडकं उचललं.

"रोज पुसता?" सूनबाईंनी विचारलं.

"हो. खुणाही जातात. मग पन्नासच्या नव्या करतो आणि पुन्हा साठापर्यंत ओढतो."

"आजही करा. फक्त जुन्या पुसू नका."

मित्रांनो, धातू लांबताना जवळून पाहिलाय कधी? काहीच हलल्यासारखं वाटत नाही, आणि तरी सगळी पट्टी एका सुरात लांबत असते. एकही कण मागे राहत नाही. मी श्वास रोखून बघत होतो. अचानक एके जागी तिची कंबर किंचित बारीक झाली. आता ती तिथेच तुटणार होती.

"थांबवा!" सूनबाई ओरडल्या.

नव्या खुणा अजून साठाच्या आतच होत्या. साहेबांनी माझी टोकं जुन्या खुणांवर टेकवली, माझी ती एक रेघ वजा केली आणि आकडा वाचला. एकाहत्तर.

"पन्नासाचे एकाहत्तर, म्हणजे बेचाळीस टक्के," सूनबाई हळू म्हणाल्या. "अहवालात लिहिले तेवढे बाबांच्या पट्टीने दिले. तुम्ही रोज बहात्तरपर्यंत नेत होता. दुसरे वीस टक्के साठाचे होते, म्हणजे बारा मिलिमीटर, साहेब, पन्नासाचे नव्हेत."

"मग बेरीज करायची कशी?"

"पट्टी दर क्षणी नव्या लांबीची होते. केसभर वाढली, की त्या क्षणाच्या लांबीशी ताडून बघायची, आणि असे सगळे केस जोडायचे. लांबी जितक्या पट झाली त्याचा नैसर्गिक लॉग घेतला की झालं. एकदा वीस टक्के, म्हणजे ०.१८२. दोनदा, ०.३६४. आणि पट्टीची सहनशक्ती? १.४२ चा लॉग, ०.३५१."

पहिल्या लांबीशी केलेल्या तुलनेला पुस्तकात अभियांत्रिकी विकृती म्हणतात, आणि क्षणाक्षणाच्या तुलनेला खरी विकृती. धातू दुप्पट ओढा, खरी विकृती ०.६९३. निम्मा दाबा, तीच, फक्त उणे! टक्क्यांत मात्र शंभर आणि पन्नास. (कंबर बारीक झाल्यावर मात्र लांबी कामाची नाही, तिथे माझे जबडे थेट कंबरेलाच लावावे लागतात.) माझ्या अंगावरच्या रेघा सगळ्या सारख्या अंतरावर. जन्मभर मला वाटे, मिलिमीटर तो मिलिमीटर. पन्नासाच्या पट्टीला आणि सत्तराच्या पट्टीला तो सारखा वाटत नाही, हे त्या दिवशी कळलं आणि माझ्याच अंगाकडे मी नव्याने बघू लागलो.

साहेब दारापाशी गेले. "मामा, भट्टी बरोबर आहे. बेरीज माझी चुकली. दुसरी ओढ सोळावर आणतो."

"हात्तिच्या!" भट्टीमामांनी एवढ्या वेळाने श्वास सोडला. "मी सकाळपासून त्या बिचाऱ्या भट्टीला मनातल्या मनात शिव्या घालतोय."

मग त्यांनी मला उचललं, स्वतःच्या बाहीने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. खणात नाही.

मित्रांनो, मला आपटू नका, वापरण्याआधी जबडे मिटवून माझी ती एक रेघ आठवा. आणि कुणाला तुटला म्हणून दोष देण्याआधी त्याची जुनी खूण पुसू नका. तो कुठून ओढला गेलाय, ते तिथेच लिहिलेलं असतं.