तिकरंच ऱ्हा

साउंडचेक अर्ध्यावर आला होता. नमिता माइकमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि मागे प्रज्योतचे ड्रम एकदम थांबले. तिने वळून पाहिलं. त्याच्या हातातल्या काठ्या तशाच वर राहिल्या होत्या आणि तो दाराकडे बघत होता.

दारात पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती. अंगावर साधी सुती साडी, केस घट्ट बांधलेले, काखेत कापडी पिशवी. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या जुन्या कारखान्याचा आता हॉल झाला होता. भिंतींना काळा रंग आणि छताला लाल-निळे दिवे होते, तरी बाई जराही बावरली नव्हती. ती सरळ स्टेजपाशी आली.

"काकी? तू इथे कशी?" प्रज्योत म्हणाला.

कृष्णाबाई ती हीच, हे नमिताला तेव्हा कळलं. प्रज्योत वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. आई लहानपणीच गेलेली, काकीनेच त्याला वाढवलं. काकीच्या हातचं बोंबलाचं कालवण डब्यातून कितीदा तरी नमिताच्या बोरीवलीच्या घरी आलं होतं. काकी मात्र कधी भेटली नव्हती.

"त्या गान्याचं बोलायचंय मना," कृष्णाबाई म्हणाली.

कोणतं गाणं हे विचारायची गरज नव्हती. 'उलटा वारा' या त्यांच्या बँडची लोकांना माहीत असलेली गाणी म्हणजे एकच गाणं. त्याआधी ते कुणाच्या गच्चीवर वाजवत होते, कॅफेत वाजवत होते. तिथे लोक पाठ करून पिझ्झा खायचे आणि मालक आवाज कमी करायला सांगायचा. मग गेल्या हिवाळ्यात त्यांनी 'तिकरंच ऱ्हा' हे गाणं नेटवर टाकलं आणि बघता बघता ते सगळीकडे पसरलं. मुली आपल्या जुन्या मित्रांचे शर्ट पिशवीत कोंबताना व्हिडिओ काढायच्या आणि त्यावर नमिताचा आवाज असायचा, ठसक्यात, 'जातंस तर जा, तिकरंच ऱ्हा.' आजचा कार्यक्रम हा तिकीट लावून केलेला त्यांचा पहिलाच होता आणि सगळी तिकिटं संपली होती.

"काल बाजारात एक पोरगी सुरमई घ्यायला आली," कृष्णाबाई सांगू लागली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तिच्या फोनवर वाजत होतं. हसून बोल्ली, मावशी, तुमच्या भाषेतलं गानं हाय, ऐका. मी ऐकलं. मंग तिची सुरमई कापताच येईना मना."

प्रज्योत खाली बघत होता.

"माजा नवरा, चंदू, बोटीवर निघाला त्या सकाली आमचं भांडन झालेलं. मी बोल्ले, जातंस तर जा, तिकरंच ऱ्हा." ती थांबली. "बोट उलटली. बाकीचे आले. तो ऱ्हायला तिकरंच."

साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढले.

"ह्ये मी आजवर कुनाला नाय सांगितलं. ह्या पोराला सांगितलं. एकदाच."

"काकी, कुणाचं नाव थोडंच घेतलंय आम्ही?" गिटारवरचा मिहिर हळूच म्हणाला. "कुठून आलंय ते कुणालाच माहीत नाही."

"मना म्हाइत हाय ना," कृष्णाबाई म्हणाली. मग तिने साउंडच्या टेबलाशेजारची एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. "मी हितंच हाय. काय करताव ते बघते."

स्टेजमागच्या खोलीत दार लावल्या लावल्या नमिता प्रज्योतवर उसळली. "तू म्हणालास, तुमच्याकडे बायका भांडताना असं बोलतात!"

"बोलतातच."

"प्रज्योत!"

तो भिंतीला टेकून खाली बसला. "तू चाल गुणगुणत होतीस आणि शब्द सापडत नव्हते. माझ्या तोंडून निघून गेलं. मग तू ते गायलीस आणि इतकं झकास वाटलं ना, की मागे घेताच येईना. आपलं दोघांचंच आहे तोवर ठीक, असं वाटलं. एवढं पसरेल हे कुणाला माहीत होतं?"

"झालं ते झालं," मिहिर म्हणाला. "आता बाहेर भरलेला हॉल आहे, आणि तो त्या एका गाण्यासाठी भरलाय. निमेश येतोय. आज वाजवू, उद्यापासून बंद. हवं तर शब्द बदल. 'तिकडेच राहा' म्हण."

"त्याने काय फरक पडतो?"

"मग नुसतं गुणगुण ना! काहीतरी कर यार, आपली वाट लागेल!"

नमिताने खरंच विचार केला. नुसतं गुणगुणलं तर? शब्द लोकच म्हणतील. पण म्हणजे तिने तोंड बंद ठेवून लोकांकडून ते म्हणवून घ्यायचं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि निमेश आत आला. थंडीतल्या एका मोठ्या संगीत महोत्सवासाठी नवे बँड निवडायचं काम त्याच्याकडे होतं. माणूस हसतमुख. त्याने तिघांना मिठी मारली. "गर्दी बघितली का? बाहेर रांग आहे. ते गाणं शेवटी ठेवा हां. मला बघायचंय, लोक कसे तुटून पडतात ते."

तो गेल्यावर प्रज्योत म्हणाला, "नमे, तू ठरव. गाणार तू आहेस."

"माझ्यावर ढकलू नकोस."

बाहेरून शिट्ट्या ऐकू यायला लागल्या होत्या. काहीच न ठरवता ते स्टेजवर गेले.

पहिली गाणी उत्तम गेली. ड्रमचा ठोका जमिनीतून पायात चढत होता आणि पुढच्या मुलामुलींचे चेहरे निळ्या उजेडात वर झाले होते. आपण गाताना इतके लोक श्वास धरून ऐकतात, हे नमिताने आधी कधी पाहिलं नव्हतं. एरवी ती या क्षणासाठी जीव टाकायची. आज तिचं लक्ष सारखं मागच्या त्या खुर्चीकडे जात होतं. कृष्णाबाई ताठ बसली होती. सगळा हॉल उड्या मारत होता आणि ती एखाद्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असावी तशी बसली होती.

चौथं गाणं संपलं आणि पुढून आरोळी आली, "तिकरंच!" मग दुसरी. मग सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. "ति-क-रंच! ति-क-रंच!"

नमिताने पाण्याची बाटली उचलली. पुढचं गाणं कोणतं हे सांगायला ती मिहिरकडे वळली आणि त्याच क्षणी त्याने त्या गाण्याची सुरुवात छेडली.

लोक किंचाळले. शेकडो फोन वर झाले. मिहिर तिच्याकडे बघत नव्हता. सुरावट संपली, तिची जागा आली आणि गेली. ती गायली नाही. मिहिरने सुरावट पुन्हा फिरवली. ड्रम वाजत नव्हते. प्रज्योतने काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या.

मग लोकांनीच सुरू केलं. अख्खा हॉल, हसत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, पूर्ण घसा फोडून ओरडला, "जातंस तर जा, तिकरंच ऱ्हा!"

मागे कृष्णाबाई उठून उभी राहिली. इतकी वर्षं हे वाक्य ती मनातल्या मनात एकटीच ऐकत होती. एका हाताने तिने खुर्चीची पाठ धरली.

"थांबा!" नमिता माइकमध्ये ओरडली. "प्लीज, थांबा. मिहिर, थांब!"

गिटार थांबली. ओरडा विरत विरत हसण्यावर आला.

"हे गाणं आम्ही आज म्हणणार नाही. यापुढेही नाही."

"का?" कुणीतरी विचारलं.

"आमचं नाही म्हणून."

"मग काय, चोरलंय का?" पुढच्या एकाने ओरडून विचारलं आणि हशा पिकला.

तेव्हा नमिताला लख्ख दिसलं की सांगून टाकलं तर सगळं सावरेल. चंदूकाकाचं सांगितलं तर हॉल चिडीचूप होईल. मुली रडतील, फोनवर सगळं टिपतील, उद्या ते गाण्यापेक्षाही लांब पोचेल. निमेशलाही आवडेल. आणि मागे उभ्या असलेल्या बाईकडे सगळे एकदम वळून बघतील.

"हो," ती म्हणाली. "चोरलं."

"मी चोरलं!" मागून प्रज्योत ओरडला. त्याच्यासमोर गायचा माइक नव्हता, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

हुर्यो उठली. "पैसे परत द्या!" सुरू झालं. एक रिकामा ग्लास येऊन नमिताच्या पायाशी आदळला. निमेश कानाला फोन लावून दाराकडे निघालेला तिला दिसला. तो परत वळला नाही. प्रज्योतने काठ्या उचलल्या आणि पुढच्या गाण्याचा ठेका इतक्या जोरात धरला की ओरडा त्याखाली बुडाला. नमिता गायली. उरलेली सगळी गाणी गायली, रिकाम्या होत चाललेल्या हॉलसमोर. मिहिर एकही सूर न चुकता वाजवत राहिला, पण त्याने दोघांकडे मान वळवून पाहिलं नाही.

कार्यक्रम संपला तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

प्रज्योत घामाने निथळत तसाच बाहेर धावला, त्याच्यामागे नमिता. कृष्णाबाई रिक्षांच्या रांगेपाशी उभी होती.

"काकी, चुकलो मी."

ती वळली. तिचे ओठ रागाने थरथरत होते. "तू आज घरी..." ती म्हणाली आणि तिथेच अडकली. पुढचे शब्द तिच्या तोंडाशी आलेले दिसत होते. तिने ते गिळले. बराच वेळ लागला तिला.

"जेवायला ये," ती शेवटी म्हणाली. "पन मी बोलनार नाय तुज्याशी."

नमिताकडे तिने एकदा पाहिलं. चांगलं नाही, वाईट नाही, नुसतंच पाहिलं. मग रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाणं नेटवरून काढलं. पण लोकांच्या व्हिडिओंतून ते निघेना, अजूनही निघालेलं नाही. हॉलमधला व्हिडिओ मात्र भरपूर फिरला. खाली लोक 'चोर बँड' लिहायचे, कुणाचं चोरलं याचे अंदाज बांधायचे, आणि त्यांना उत्तर द्यायचं नाही एवढं नमिताने आणि प्रज्योतने ठरवलं होतं. महोत्सवाचं बोलावणं आलं नाही. मिहिरने पावसाळ्यात दुसरा बँड धरला. जाताना तो नमिताला म्हणाला, "तू बरोबर होतीस गं. पण माझ्याच्याने नाही होणार." ते भांडले नाहीत.

दोघंच उरले. घाटकोपरला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्यांनी नव्याने सुरुवात केली. फक्त ड्रम आणि आवाज. ऐकायला आलेल्यांना सतरंजी पुरून उरली. गाण्यांचे शब्द आता नमिता स्वतः लिहायची, अडखळत, खोडत, आणि ते पहिल्याइतके धारदार नव्हते हे तिला कळत होतं.

वेसाव्याच्या घरात प्रज्योतपुढे रोज ताट यायचं. भाकरी गरम असायची. ताट ठेवून काकी आत निघून जायची.

नारळीपौर्णिमा झाली, गणपती झाले. दिवाळीच्या आधी एका दुपारी तालमीला येताना प्रज्योत जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला. "नमे, काकी बोलली."

नमिता उठूनच उभी राहिली. "काय बोलली?"

"'दरवाजा लाव, मच्छर येतात.'"

"आणि मग?"

"मग काय? लावला दरवाजा."

तो हसत होता आणि डोळे पुसत होता. नमिताने त्याला जरा वेळ दिला. मग त्याने काठ्या घेतल्या, आणि काल जिथे शब्द अडले होते तिथून तिने पुन्हा म्हणायला घेतलं.