काड्यापेटीएवढी फट

"तीन दिवस. फक्त तीन! आणि एकट्यानं, कुणी बोटसुद्धा लावायचं नाही!" गॅरेजचं शटर वर करत लिफ्टवाल्यांनी जाहीर केलं. "पस्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्यात मी. माझी एकही लिफ्ट कधी मजल्याच्या बोटभर वर थांबली नाही की बोटभर खाली. ही तर चार चाकांची डबी!"

ऐकायला एकच माणूस होता. वरच्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर, आणि तेही कचऱ्याची बादली रिकामी करायला खाली आले होते म्हणून. ते "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. परत येईपर्यंत लिफ्टवाल्यांनी पहिल्या बोल्टला पाना लावून त्यावर सगळं अंग टाकलं होतं. बोल्ट तसूभरही हलला नाही. पाना सटकला, आणि लिफ्टवाले मागे जुन्या टायरांच्या चळतीत असे जाऊन बसले की वर फक्त डोकं आणि दोन बूट दिसत होते.

"एकट्यानं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हात द्या," लिफ्टवाले म्हणाले.

गाडी तीस वर्षांची. दोनच सीटची, बुटकी, एकेकाळी लाल. तिचे शॉकअप इतके गेले होते की रस्त्यात शेंगदाणा पडला असेल, तर तो भाजलेला की कच्चा हे बसल्या जागी कळायचं. आणि ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करायची. मागच्या वर्षी लेकीला स्टेशनवर सोडताना गाडीनं असाच विचार केला, आणि तो पूर्ण झाला तेव्हा गाडी फुलांच्या दुकानात होती. लेकीच्या मांडीवर निशिगंधाची अख्खी बादली. लेक शांतपणे उतरली, केसातली पाकळी काढली आणि म्हणाली, "बाबा, या गाडीत मी परत बसले ना, तर नाव बदला माझं."

आता वर्षानं तिचा फोन आला होता. रविवारी तिचं या गावात काम होतं. अकराला यायचं, चारच्या गाडीनं परत. "ब्रेक आणि शॉकअप बदलले असतील तर सोडा मला स्टेशनवर. नसतील तर मी टॅक्सी करेन. आधीच सांगते, नंतर तोंड पाडून बसू नका."

घर ते स्टेशन, अर्धा तास. लिफ्टवाल्यांना तो अर्धा तास हवा होता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हापासून शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी बसायची. टोमॅटो लवंडू नयेत म्हणून ते तिला पट्टाही बांधायचे. कधीकधी सिग्नलला थांबले की पिशवीला म्हणायचे, "बघ बाई, लाल आहे अजून." पिशवी काही म्हणत नसे. बायको म्हणाली असती, "मला दिसतंय."

पहिला दिवस बोल्टनं खाल्ला. दुसऱ्या दिवशी जुनी स्प्रिंग सोडवताना ती हातातून निसटली, शटरमधून बाहेर गेली, भिंतीवर आपटली आणि डॉक्टरांच्या बाल्कनीत मोगऱ्याच्या कुंडीत जाऊन बसली. डॉक्टर वाकून म्हणाले, "तुमचं काहीतरी वर आलंय."

"राहू द्या तिथंच. नवी आहे माझ्याकडे."

"मोगऱ्याचं काय?"

"त्याला आधार होईल."

नवे शॉकअप मात्र देखणे होते. प्रत्येकावर एक फिरती चकती. ती फिरवली की गाडी खाली-वर करता यायची. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, माणूस बसल्यावर उंची मोजा. लिफ्टवाल्यांना हे फार पटलं. लिफ्टमध्ये तरी दुसरं काय असतं? वजन आणि पातळी. ते पट्टी घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले, तिथल्या स्पीडब्रेकरची उंची रस्त्यावर पालथं पडून मोजून आले. मग घरच्या वजनकाट्यावर उभे राहिले, तितक्या वजनाची वाळू पोत्यांत भरली आणि पोती ड्रायव्हरच्या सीटवर बसवली. गाडी उतरवत उतरवत इतकी खाली आणली की तिचं पोट आणि स्पीडब्रेकर यांच्यात बरोबर एक काड्यापेटी आडवी सरकेल. एका काड्यापेटीचाही फरक नको! गाडी रस्त्याला अशी चिकटून बसली की लिफ्टवाले तिच्याभोवती चार वेळा फिरले. दाखवायला कुणी नव्हतं म्हणून पाचव्यांदा फिरले.

राहिले ब्रेक. नव्या डिस्क बसल्या, पॅड बसले, नवं ब्रेक ऑइल भरलं. आता फक्त पाइपांमधली हवा काढायची होती. आणि शुक्रवारी संध्याकाळी, हातात पाना घेऊन गाडीखाली आडवे झाल्यावर, लिफ्टवाल्यांच्या लक्षात आलं की हे काम दोन माणसांचं आहे. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचा नट सैल करून हवा जाऊ द्यायची, पुन्हा आवळायचा, आणि मगच वरच्यानं पाय काढायचा. आधी काढला तर हवा परत आत.

इतकी वर्षं वर बायको असायची. मांडीवर मटाराचं ताट घेऊन. खालून हे ओरडायचे, "दाब!" वरून उत्तर यायचं, "दाबलं." मग "सोड!", मग "सोडलं." पेडल कडक झालं की ती म्हणायची, "आता दगड झाला. उठा, जेवायचं आहे." लिफ्टवाल्यांना खरंच वाटत आलं होतं की हवा आपणच काढतो.

शनिवारी त्यांनी झाडूचा दांडा सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवून पाहिला. दांडा सटकून हॉर्नवर अडकला. हॉर्न पाव तास वाजत राहिला. अख्खी इमारत खिडकीत आली. डॉक्टर तेवढे खाली आले.

"मी दाबतो," डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षं पायानं मशीन चालवलंय मी. पायाचं मला सांगू नका."

तिथंच तर गोम होती. लिफ्टवाले खाली गेले, "दाबा!" म्हणाले, डॉक्टरांनी दाबलं, नट सुटला, तेलाची चिळकांडी थेट कपाळावर आली आणि लिफ्टवाले "आऽ!" ओरडले. डॉक्टरांनी झटकन पाय उचलला.

"अहो, सोडलं कशाला?"

"तुम्ही आ म्हणालात ना. पेशंट आ म्हणाला की पाय उचलायचा. चाळीस वर्षांची सवय आहे."

"मग मी ओरडणार नाही."

"सगळे असंच म्हणतात."

पुढच्या वेळी पाना अंगठ्यावर पडला. त्याच्या पुढच्या वेळी कोपर जॅकवर आपटलं. दर वेळी "आऽ", दर वेळी पाय वर, दर वेळी हवा आत. दिवेलागणीला ब्रेक पहिल्यापेक्षा मऊ झाले होते आणि डॉक्टर जाता जाता म्हणाले, "एक सांगू? तुमची खालची उजवी दाढ काढायला झालीय. फार वेळ बघितली आज."

लिफ्टवाले पेडलवर पाय ठेवून गाडीत बसून राहिले. पाय लोण्यात जावा तसा जात होता.

रविवारी लेक अकराला आली. मोठी बॅग घेऊन. तिनं बापाच्या कपाळावरचं तेल बघितलं, गाडी बघितली, आणि विचारलं, "झाले ब्रेक?"

"झालेच. म्हणजे, हवा राहिलीय."

"म्हणजे टॅक्सी."

"टॅक्सी," लिफ्टवाले म्हणाले, आणि पाना पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

लेकीनं बॅग टेकवली, बूट काढले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. "काय बघताय? आडवे व्हा."

ते आडवे झाले. "दाब!"

"दाबलं."

आवाज इतका तिच्या आईसारखा होता की लिफ्टवाल्यांच्या हातून नट फिरलाच नाही.

"बाबा? दाबलंय मी. झोपलात का?"

"नाही. धरून ठेव."

एकेक चाक झालं. चौथ्याला पेडल कडक झालं, हे त्यांना खालूनही कळलं. "आता दगड झाला," वरून लेक म्हणाली. लिफ्टवाले म्हणाले, "कुठे? दाब अजून." ती दाबत राहिली, "दाबलं" म्हणत राहिली. अशी त्यांनी चांगल्या ब्रेकमधून आणखी अर्धा तास हवा काढली.

मधे लेक तिचं काम उरकून आली. तीनला निघाले. पट्टा आज माणसाला लागला. बॅग मागच्या फटीत कोंबली. टाकी तर त्यांनी तिच्यासाठी आदल्या आठवड्यातच काठोकाठ भरून ठेवली होती. गाडी गल्लीतून अशी तरंगत गेली की लेक म्हणाली, "अरे वा! ही तीच का?" लिफ्टवाल्यांनी नुसता गिअर बदलला. बोलायला अर्धा तास होता.

गल्लीच्या तोंडाशी पुढची चाकं स्पीडब्रेकरवरून उतरली, खर्रर्र झालं आणि गाडी पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना.

"उतरून बघते," लेक म्हणाली. ती उतरली, बॅगही काढली. गाडी एक काड्यापेटी वर उठली आणि अलगद पलीकडे गेली.

लिफ्टवाले स्टिअरिंग धरून बसले. वाळूची पोती त्यांनी एकाच सीटवर ठेवली होती. दुसऱ्या सीटवर काही ठेवायचं असतं, हे डोक्यात आलंच नव्हतं.

लेक पलीकडे येऊन परत बसली. दुसरा स्पीडब्रेकर शाळेपाशी होता. ती उतरली, चालली, बसली. तिसरा दवाखान्यापाशी. तिथले दोन पेशंट हा खेळ बघायला उभे राहिले.

"बाबा, स्टेशनपर्यंत असे किती आहेत?"

"एकोणीस."

तिनं घड्याळ बघितलं. टॅक्सी समोरच उभी होती. "अहो, ब्रेक मस्त झालेत पण. खरंच," ती खिडकीतून म्हणाली, आणि त्यांच्या कपाळावरचं तेल अंगठ्यानं पुसून गेली.

निरोप तरी नीट द्यावा म्हणून लिफ्टवाले टॅक्सीच्या मागे निघाले. एकट्या माणसाला घेऊन गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवरून लोण्यासारखी गेली. सातव्याला टॅक्सीनं अचानक ब्रेक मारला. लिफ्टवाल्यांनीही मारला. गाडी होती तिथं थांबली, बोटभर पुढे नाही की बोटभर मागे नाही.

मागून येणारी पावाची व्हॅन थांबली नाही.