दारामागची भिंत

“पुसा ना काका. ओला फडका मारला की झालं,” मालक हळू आवाजात म्हणाला. “समितीच्या बाई आल्यात बाहेर.”

काकांच्या हातात फडका, समोर कोठीच्या दारामागची भिंत. पेट्रोलपंपावर लागल्यापासून एकतीस वर्षं काका रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत डिपची काठी सोडत, कुठवर ओली झाली ते पाहत, आणि तारीख घालून तो आकडा खडूने या भिंतीवर लिहीत. भिंत भरली की चुना, पुन्हा श्रीगणेशा. कुणी सांगितलं नव्हतं. पण नेम म्हटला की कुणी सांगावं लागतं होय?

गेल्या महिन्यात वादळाने रस्ते तुटले. ‘टाकीत थेंब उरला नाही’ म्हणत मालकाने चार दिवसांत तीनदा भाव चढवला. शिडीवर चढून फलक बदलले ते काकांनीच. तिसऱ्या दिवशी एका बाळंतिणीकडे निघालेली सुईण आली. तिने फलक पाहिला, मूठ उघडून आतले पैसे पाहिले, आणि स्कूटर तिथेच लावून चिखलातून पायी गेली. त्या सकाळची काठी निम्म्याहून वर ओली होती. भिंतीवर आकडा होता.

बोंबाबोंब झाली. विधिमंडळाने समिती नेमली. समिती पंपामागून पंप तपासत इथवर पोचली. साठ्याच्या नोंदींचे कागद पावसात भिजले, असं मालकाने लिहून दिलं होतं. राहिली ही भिंत.

“काकू बऱ्या आहेत ना आता?” मालकाने विचारलं.

एवढंच. काकूंच्या ऑपरेशनला रक्त मिळेना, तेव्हा बाही वर करून हाच धावला होता. काकांचे डोळे भरले. फडका भिंतीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

बाई दारात आल्या. “आजोबा, त्या दिवसांत टाकी खरंच रिकामी होती?”

“आत या बाई. दार जरा लोटा.”

बाई एकेका तारखेवर बोट ठेवत गेल्या. “हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“आणि भाव कुणी बदलले?”

“तेही मीच. याच हातांनी. तेवढंही लिहून घ्या.”

बाई गेल्या. मालकाने दार पुन्हा भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, “उद्यापासून येऊ नका काका.” थोड्या वेळाने पुन्हा, “तो फडका तरी ठेवा खाली.”

घरी काकूंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. “खरं बोललात?”

“हो.”

“मग जेवून घ्या.”

“त्याचं वाईट वाटतंय गं.”

“वाटणारच. माझ्या अंगात रक्त आहे त्याचं. मला नाही का वाटत?”

सकाळी काकूंना जाग आली तर शेजारी अंथरूण रिकामं. काका मोरीत, पिंपात काठी बुडवून उभे.

“आता पाण्याचाही भाव वाढवणार की काय?”

काका ओशाळून हसले. हातातल्या काठीवरून पाणी ओघळत होतं. सवयीने त्यांनी वरच्या खिशात बोटं घातली. खिसा रिकामा होता.

शिवणाच्या डब्यातून खडूचा तुकडा शोधून काकूंनी काकांच्या हातावर ठेवला, आणि भिंतीला टेकलेली बादली बाजूला सरकवली.