लांडग्यांच्या खणात

यान्याने आल्याआल्या रक्ताचे रोग मागितले. ल्येर्काने खण ओढून तिच्यापुढे ठेवला आणि आपल्या टेबलाशी परतली. जिल्हा रुग्णालयाच्या या ग्रंथालयात विषयवार कार्डांचे बहात्तर खण होते. अकरा वर्षांत त्यातलं जवळजवळ प्रत्येक कार्ड ल्येर्काने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच, हा तिचा रोजचा अनुभव. पंधरा मिनिटांनी ती उठून पाहायला गेली, तर यान्या पंडुरोगाची कार्डं चाळत बसली होती.

"नक्की कशाचा शोध घेताय?"

यान्याने दाराकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मी येलेनिकची."

पुढे काही सांगायची गरज नव्हती. बाल्कनातल्या सावा नदीच्या काठी अशी मोजकी गावं होती, जिथे माणसं पन्नाशीच्या आत-बाहेर पिवळी पडत, तळहातांना तांब्याचा रंग चढे, मूत्रपिंडं आकसत जात आणि दोन-चार वर्षांत खेळ आटपे. शेजारच्या गावाला त्याचा गंधही नसे. येलेनिक त्यातलं एक. त्या गावचे लोक सोयरिकीच्या वेळी गावाचं नाव शेवटी सांगत.

यान्या गावच्या शाळेत शिकवत होती. वय सव्वीस. तिची आजी, दोन काका आणि एक आत्या या आजाराने गेले होते. आईवडील अजून धडधाकट होते. येत्या रविवारी ब्लाझच्या घरचे बोलणी पक्की करायला येणार होते. ब्लाझ डोंगराकडचा, तीन भावांतला धाकटा. यान्या एकुलती आणि जमीन चांगली, म्हणून तो घरजावई होऊन येलेनिकला यायचा होता. त्याच्या आईने मात्र जत्रेत चारचौघींत म्हटलं होतं की, पिवळ्यांच्या घरात पोरगा देऊ कशी, त्यांचं रक्तच नासलेलं. यान्याला त्याचा राग आला नव्हता. पंधराव्या वर्षापासून तिलाही तेच वाटत आलं होतं. आजार खरोखरच रक्तात असेल, तर रविवारी ती स्वतःच ब्लाझला नकार देणार होती. मातीत घालण्यासाठी मुलं जन्माला घालायची नाहीत, एवढं तिचं ठरलेलं होतं.

ल्येर्काने रक्ताचा खण बंद केला. वंशागत रोगांच्या खणात येलेनिकचं काही नव्हतं. मूत्रपिंडाच्या रोगांत एक कार्ड पुढच्या खणाकडे बोट दाखवत होतं: 'बाल्कन मूत्रपिंडविकार पाहा'. तिथे एकतीस कार्डं निघाली. कुणी विहिरीच्या पाण्याला दोष दिला होता, कुणी शिशाला, कुणी विषाणूला, सहा जणांनी वंशाला. दुपारपर्यंत दोघींनी त्यातले नऊ लेख काढून पाहिले. प्रत्येकाचा शेवट एकच: अधिक संशोधन आवश्यक.

"आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं काहीतरी," यान्या म्हणाली. "ग्रबारिच म्हणून होते. मी शाळेत असताना घरोघर फिरायचे, कोण कधी गेलं विचारायचे. आजोबांनी हाकलून दिलं होतं त्यांना. म्हणाले, घोडे तपासा, माणसं कशाला मोजता?"

ल्येर्काने घोडे पाहिले, पशुवैद्यक पाहिलं, गावांचं आरोग्य पाहिलं. ग्रबारिच कुठेच नव्हते. पाठवलेला लेख इथवर पोचलाच नसेल, असं तिने सांगून टाकलं.

यान्या कोट घालू लागली. "वेडेच होते तसे. शेताच्या बांधावर बसून वुच्या स्तोपा उपटत राहायचे. पोरं हसायची."

"काय उपटत?"

"वुच्या स्तोपा. लांडग्याचं पाऊल. तण असतं हो, गव्हात येतं. पिवळी फुलं, घाण वास. तुम्ही बोलण्यावरून रियेकाकडच्या, तिथे समुद्रकाठी कशाला उगवेल?"

ल्येर्का थेट 'ल'च्या खणाशी गेली. लांडगे: तीन कार्डं. दोन पिसाळण्याबद्दल. तिसऱ्यावर लिहिलं होतं, ग्रबारिच, 'येलेनिकच्या शेतांतील लांडग्याचे पाऊल', सव्वीस पानं. खाली दुसरा विषय दिला होता: प्राण्यांचे चावे. अक्षर तिचंच होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षातलं, नीटनेटकं.

नाव वाचून विषय ठरवू नका, निदान पहिलं आणि शेवटचं पान वाचा, हा धडा ती दर वर्षी नव्या उमेदवारांना देत असे. तिने कार्ड यान्याच्या हातात दिलं आणि हे आपणच लिहिल्याचं सांगितलं.

यान्याने ते दोनदा वाचलं. "प्राण्यांचे चावे," ती म्हणाली. "बाई, आमच्याकडचा शेवटचा लांडगा माझ्या पणजोबांनी पाहिला होता. तोही पिऊन आले होते म्हणून."

ल्येर्काला हसता आलं नाही. तिने लेख काढून आणला. दोघी शेजारी बसून वाचू लागल्या.

लेख साधा होता. ते तण मिसळलेलं गवत खाल्लेल्या घोड्यांची मूत्रपिंडं आकसलेली सापडली होती. तणाचं बी गव्हाबरोबर कापलं जातं, गव्हाबरोबरच दळलं जातं. माणसांच्या पावातही ते जात असेल काय, असा डॉक्टरांचा प्रश्न होता. शेवटी एक तक्ता होता: मेलेल्या एकोणीस जणांपैकी सात जणी बाहेरगावाहून आलेल्या सुना. लहानपणीच गाव सोडून गेलेल्यांपैकी एकही नाही.

यान्याचं बोट तक्त्यातल्या एका ओळीवर थांबलं. स्त्री, जन्म डोंगराकडे, लग्नानंतर येलेनिकमध्ये एकतीस वर्षं, मृत्यू बावन्नाव्या वर्षी.

"ही आजी," ती म्हणाली. "तिचं आणि या गावाचं रक्त कुठे एक होतं?" आजी सून होती हे तिला जन्मापासून माहीत होतं. पण रक्त हा शब्द इतकी वर्षं आड उभा होता.

मग तिने सरळ विचारलं, "म्हणजे रक्तात नाही, असं लिहिलंय ना यात?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि ल्येर्काला ते म्हणावंसंही वाटलं. पण एकदा न वाचता तिने या लेखाबद्दल ठरवून टाकलं होतं. "तसं नाही," ती म्हणाली. "रक्ताने सुनांचा हिशेब लागत नाही, एवढं लिहिलंय. तण शोधा, बी चाळून वेगळं करा, मग पंचवीस वर्षं थांबा आणि पाहा, असं लिहिलंय."

यान्याने तक्त्यातल्या सुना बोटाने पुन्हा मोजल्या. चेहरा आधी सैल झाला, मग हळूहळू पुन्हा ताठ.

"बाहेरून आलेल्या सात," ती म्हणाली. "आठवा ब्लाझ."

ल्येर्काच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"त्याची आई चुकीचं बोलली, पण भीती बरोबर होती तिची." यान्याने वहीत तक्ता उतरवून घेतला, बी चाळण्याची रीतही उतरवून घेतली. "रविवारी सांगते तिला. पोरगा देऊ नका म्हणावं. मीच येते तुमच्याकडे."

"आणि तुमचे वडील?"

"जमीन सोडायचे नाहीत ते." तिने वही मिटली. "आज घरी गेल्यावर पहिल्यांदा त्यांनाच सांगायचं आहे. आईने गव्हाची चाळण कुठे ठेवली आहे, तेवढं विचारून सुरुवात करीन."