ग्रामसभेला गेलेला बाक

मित्रांनो, स्वतःबद्दल बोलायचे म्हणजे मला फार संकोच वाटतो. बोलण्याचे काम माझ्यावर बसणाऱ्यांचे. माझे काम गप्प राहण्याचे, आणि ते मी तीस वर्षे केले. तेव्हा सांगताना काही चुकले तर सांभाळून घ्या. मी एक जुना लाकडी बाक आहे. पेडणे तालुक्यात हरमलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव लागते. तिथे कृष्णनाथच्या चहाच्या हॉटेलाबाहेर माझा मुक्काम असतो. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे पंचायत. मध्ये बावीस पावले. ही मोजणी अर्थात माझी नाही. पंचायतीत चहाची किटली नेताना कृष्णनाथ मोजतो.

सुतार बाबली मेस्ताने मला वादळात पडलेल्या फणसापासून घडवले. काम संपल्यावर त्याने माझ्यावर हात फिरवला आणि कृष्णनाथला बजावले, "पाच जण बसतले. सहावो बसलो तर मी जबाबदार नाय."

मला वाटले होते, माझ्यावर लोक चहा पितील, पातळ भाजीबरोबर उंडे पाव खातील आणि उठून जातील. पण माझ्या नशिबी राजकारण होते. वास्कोच्या बंदरातून निवृत्त झालेला गोकुळदास रोज सकाळी तीन वर्तमानपत्रे घेऊन यायचा. दोन वाचायला आणि तिसरे पहिल्या दोघांच्या चुका काढायला. त्याच्या शेजारी महादेव. तो सुर्ल्याला खनिजाचे ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्यावर त्याला वेळही मिळाला आणि मतेही सुचली. टोकाला बाबाजी. त्याला स्वतःचे मत नव्हते, पण दुसऱ्याचे मत तो कधीच वाया जाऊ देत नसे.

"तो आमदार मार्चाआधी पक्ष बदलतलो," महादेव म्हणायचा.

"फेब्रुवारीत," गोकुळदास पेपरातून मान वर न काढता म्हणायचा.

"तेंच मी म्हणतंय," बाबाजी दोघांनाही म्हणायचा.

एका मतमोजणीच्या दिवशी तर सकाळी आठपासून माझ्यावर आठ जण बसले होते. शेवटच्या फेरीत निकाल फिरला, तेव्हा सात जण एकदम उभे राहिले. एकटा बाबाजी टोकाला बसून राहिला. मी उलटलो, बाबाजी चहासकट रस्त्यावर आणि माझा एक पाय निखळला. लोकांनी आधी नवा आमदार कोण ते पाहिले, मग बाबाजीला उचलले. मला उचलायला दोन दिवस लागले.

वर्षभर मी मागच्या अंगणात सरपणाशेजारी पडून होतो. मित्रांनो, तो काळ मला आठवावासा वाटत नाही. माझ्या जागी एका पुढाऱ्याने सिमेंटचा बाक बसवला. त्याच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव ठसठशीत अक्षरांत होते. पण गोकुळदास एकच दिवस त्यावर बसला.

"ह्याच्यार बसलो तर पाठीर नाव उमटता," तो म्हणाला. "लोक म्हणतले, गोकुळदास त्या पक्षात गेलो."

मग कृष्णनाथने मला नवा पाय लावून परत आणले. मी फार सुखावलो. पुन्हा माझ्यावर सरकारे पडू लागली, उभी राहू लागली.

आता मूळ गोष्ट सांगतो. गेल्या जानेवारीत पंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस लागली. सातवा विषय असा होता: हरमलच्या पर्यटकांच्या खोल्यांना पाणी पुरवणाऱ्या एका टँकरवाल्याला गावच्या तळीवर पंप बसवायचा होता. तळीच्या खाली सुमंगलाची मिरची. भात कापले की ती तिथे तीन हजार रोपे लावते आणि सगळी त्या तळीच्या पाण्यावर जगतात. तिचे वर्षभराचे घर त्यावर चालते. नोटीस वाचून ती तडक हॉटेलावर आली.

"गोकुळदासकाका, सातवो विषय वाचलात?"

"खंयच्या पानार?"

"पेपरात न्हय ओ, समोरच्या फळ्यार! तळीर पंप बसतलो. मार्चात माझी मिरची उभी सुकतली."

गोकुळदासने पेपराची घडी घातली. त्याला वाईट वाटले होते, हे मला त्याच्या बसण्यावरून कळले. "बाय, ह्याचें मूळ दिल्लीत आसा," तो म्हणाला. "पाण्याचें राष्ट्रीय धोरण..."

"मूळ खंय आसा तें तुमी बघा, पण पंप हंयसर येतलो. आयताराक साडेधा वाजता येतलात ना?"

"येतलों गे, येतलों," सगळे एका सुरात म्हणाले. बाबाजी दोनदा म्हणाला.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. पुरेशी माणसे जमली नाहीत तर ग्रामसभा अर्धा तास तहकूब होते. त्यानंतर मात्र असतील तेवढ्या माणसांत ती भरते आणि ठरावही होतात. त्यामुळे साडेदहाला कोणी जात नाही, कारण सभा तहकूबच होणार असते. आणि अकराला कोणी जात नाही, कारण सभा सुरू झालेली असते आणि चालू सभेत मध्येच घुसणे बरे दिसत नाही. अशा शिस्तीने आमच्या गावाने कित्येक ग्रामसभा चुकवल्या होत्या.

तो रविवार उजाडला. टँकरवाल्याची बारा माणसे वेळेवर पोचली होती. सुमंगलाच्या बाजूला ती स्वतः, तिची जाऊ सरस्वती आणि शेजारच्या चार बायका. साडेदहाला सभा तहकूब झाली. इकडे माझ्यावर पाच जण होते, आत मिरची-भजी खाणारे पंधरा-वीस. अमेरिकेचे पुढे काय होणार, यावर गोकुळदास बोलत होता आणि अमेरिका मोठ्या अडचणीत होती.

सुमंगला रस्ता ओलांडून आली. "चला काका."

"हो चाय संपूं दे."

तिने त्याच्या ग्लासात डोकावून पाहिले. रिकाम्या तळाला माशी होती. ती कृष्णनाथकडे वळली. "सभेत बसूक जागा कमी आसा. तुझो बांक न्हेतंय."

"माझो बांक?" कृष्णनाथ झाऱ्यासकट बाहेर आला. "आनी हीं माणसां खंय बसतलीं?"

"बांक जंय आसा थंय!"

तिने आणि सरस्वतीने मला दोन्ही टोकांना धरले. पाचही जणांना उठावेच लागले. तेवढ्यात महादेवातला सज्जन जागा झाला. "अगे, बायलांनी कित्याक उचलूचो? आमी मेलों काय? बाबाजी, धर थंयसून!"

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी रस्ता ओलांडला. पुढे महादेव, मागे बाबाजी. गोकुळदासचे अमेरिकेवरचे वाक्य अर्धवट राहिले होते. ते पुरे करायला तोही बोलत बोलत बरोबर आला. बाक कुठे चालला म्हणून भजीवाले बाहेर आले आणि हातातली भजी संपवत मागून निघाले. बघता बघता पंचायतीची खोली दारापर्यंत भरली. सचिवाने इतकी माणसे पाहून विचारले, "कसलें लफडें जालां?"

सातवा विषय आला. सुमंगला उठली. "तळी आटली तर माझी मिरची गेली," एवढेच तिला बोलता आले. टँकरवाला सफाईने बोलला. पर्यटन, विकास, गावच्या मुलांना काम. सरपंचांनी विचारले, "आनी कोणाक बोलपाचें आसा?"

सगळ्यांच्या माना गोकुळदासकडे वळल्या. तो माझ्यावर पुढे सरकला, परत मागे सरकला. मग तो उभा राहिला. माझ्यावर बसून ज्याने इतकी सरकारे पाडली, त्याने इथेही सुरुवात दिल्लीपासूनच केली.

"राष्ट्रीय धोरण पाहता..." तो म्हणाला आणि थांबला. "राज्याच्या दृष्टीने..." पुन्हा थांबला. "पेडणे तालुक्यात..." मग त्याने माइक खाली घेतला. "त्या तळीत उड्यो मारून मी पेंवक शिकलों. पंप नाका."

आणि तो धपकन बसला. त्याचे इतके छोटे भाषण मी कधी ऐकले नव्हते.

पंपाच्या बाजूने हात वर झाले: तेरा. विरोधात हात वर झाले: एकोणतीस. सचिव पुन्हा मोजू लागला. "बाबाजी, तुझो हात दोनूय बाजूंक आसा."

"तेंच मी म्हणतंय," बाबाजी म्हणाला.

"एक बाजू सांग रे!"

बाबाजीने महादेवकडे पाहिले, गोकुळदासकडे पाहिले. दोघेही सुमंगलाकडे पाहत होते. मग त्यानेही तिच्याकडे पाहिले. ती पदराचे टोक मुठीत आवळून उभी होती.

"मिरचेची," बाबाजी म्हणाला.

हे बाबाजीचे पहिले स्वतःचे मत. ते माझ्यावर बसून दिले गेले, याचा मला थोडा अभिमान वाटतो. तसे वाटणे बरोबर की नाही, कोण जाणे.

पंप अडला. पण टँकरवाल्याने जाताना सांगितले, "एप्रिलाच्या सभेत परत अर्ज घालतां." मी हॉटेलाबाहेर परत आलो, तो ही काळजी घेऊनच. पहिल्या वेळी माणसे माझ्या मागून आली होती. दर वेळी मला कोण उचलणार?

एप्रिलचा रविवार आला. सुमंगला मला न्यायला आली नाही. ती दहापासून पंचायतीत जाऊन बसली होती. माझ्यावर नेहमीचे पाच जण. कुठल्याशा राज्यातले सरकार डळमळत होते. सव्वादहा वाजले. मी मनातल्या मनात सारखा म्हणत होतो, उठा हो, उठा. पण लाकडाचे कोण ऐकतो?

गोकुळदासने ग्लास खाली ठेवला आणि उठला.

"खंय रे?" महादेवाने विचारले. "आजून तहकूब जावंक नाय."

"तहकूब जावच्या आदीं सभेक वतां. ती तहकूब कशी जाता, तें आज बघतां."

महादेव उठला. बाबाजी उठला. आतले भजीवालेही बाहेर आले. उरलेल्या दोघांपैकी एक त्यांच्यामागून गेला, दुसऱ्याने गुडघा दुखतो असे सांगितले, पण एकट्याला चर्चा जमेना, म्हणून थोड्या वेळाने तोही लंगडत गेला. त्या दिवशी सभा तहकूब झाली नाही. अर्ध्या तासाच्या भरवशावर चहाला आलेला सचिव ग्लास तसाच टाकून धावला. थोड्या वेळाने माइकवर गोकुळदासचा आवाज ऐकू आला. या वेळी तो दिल्लीला गेला नाही. पहिलाच शब्द "तळी" होता. तिथले मोजलेले हात मला इथून दिसले नाहीत. पण तासाभराने सुमंगला बाहेर आली आणि न थांबता मिरचीला पाणी सोडायला गेली, ते मी पाहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे सहसा रंग मागतात, खिळे मागतात, सावली मागतात. मलाही ते मिळाले तर हवेच आहे. पण त्याआधी एक मागणे आहे, आणि ते मागताना मला जरा लाजही वाटते. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस माझ्यावर बसा, चहा प्या, हवी ती सरकारे पाडा. फक्त ग्रामसभेच्या चार रविवारी, साडेदहाच्या आधी, मला एकट्याला सोडून जा. रिकाम्या बाकाकडे पाहून लोक हळहळतात. माझ्यासाठी त्या दिवशी हळहळू नका. त्या एप्रिलच्या सकाळी माझ्यावर ऊन सोडून कोणीच बसले नव्हते, आणि मला आयुष्यात इतके भरल्यासारखे कधी वाटले नव्हते.